किशोरवयीन मुलांसाठी सेलिंग व स्कूबा डायव्हिंगचे उन्हाळी शिबिर निवडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वार्षिक परीक्षा संपत आल्या की समुद्रावरील साहसी शिबिरांच्या जाहिराती पालकांच्या मोबाईलवर येऊ लागतात. त्यांतील बहुतेकांवर निळे पाणी, पांढरे शीड आणि अंगठा वर केलेली मुले दिसतात. प्रशिक्षक कोण, होडी कोणती, वारा नसेल तर काय, याबद्दल मात्र एक ओळही नसते. साधारण १० ते १७ वर्षांच्या मुलामुलींच्या पालकांकडून येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत. ती प्रामुख्याने कोकण व गोव्याचा किनारा डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत. इतर ठिकाणांचा उल्लेख गरजेपुरता केला आहे.

सेलिंग आणि डायव्हिंग ही दोन्ही कौशल्ये एकाच शिबिरात शिकता येतात का?

येतात; पण आठवडाभरात दोन्ही नीट शिकवण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर त्याला वेळापत्रक मागावे. सेलिंगला वारा लागतो आणि डायव्हिंगला शांत पाणी. आपल्या किनाऱ्यावर एप्रिल-मे महिन्यांत या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी मिळतात, पण वेगवेगळ्या वेळी. पहाटेचा मतलई वारा नऊ-दहाच्या सुमारास पडतो आणि समुद्र काही काळ जवळजवळ स्थिर असतो. दुपारी बाराच्या आगेमागे खारे वारे सुरू होतात, ते सायंकाळपर्यंत टिकतात. त्यामुळे डायव्हिंग सकाळी लवकर आणि सेलिंग दुपारनंतर, असेच नियोजन या किनाऱ्यावर शहाणपणाचे ठरते. ज्या शिबिरात सकाळी आठला सेलिंग आणि दुपारी तीनला डायव्हिंग छापलेले असते, तेथे वेळापत्रक समुद्र पाहून नव्हे, तर बसच्या फेऱ्या व जेवणाच्या वेळा सांभाळून केलेले असते, असे खुशाल समजावे.

शिवाय दोन्ही प्रकार थकवणारे आहेत. सकाळी पाण्याखाली उतरलेले मूल दुपारी उन्हात तीन तास शिडाची दोरी ओढत बसले, तर तिसऱ्या दिवशी त्याचे लक्ष उडते, आणि अपघात बहुधा अशाच वेळी होतात. आमचे मत स्पष्ट आहे : सात-आठ दिवसांच्या शिबिरात एक विषय मुख्य ठेवावा आणि दुसऱ्याची केवळ ओळख करून घ्यावी. दोन्ही विषय पूर्ण करायचे असतील, तर किमान दोन आठवडे हवेत.

कोणत्या वयात कशाला सुरुवात करता येते?

सेलिंगसाठी आठ-नऊ वर्षांचे मूलही चालते. जगभर मुलांना ज्या होडीत शिकवतात ती ‘ऑप्टिमिस्ट’ जेमतेम २.३६ मीटर लांबीची, एका मुलापुरती असते आणि तिच्या स्पर्धा १५ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असतात. उंची आणि वजन वाढले की मुले ‘आयएलसीए’ (पूर्वीची ‘लेझर’) किंवा दोघांनी चालवायच्या ‘४२०’ या होड्यांकडे वळतात. चौदा-पंधरा वर्षांच्या उंच मुलाला ऑप्टिमिस्टमध्ये बसवणारे शिबिर त्याच्यासाठी नाही. गुडघे हनुवटीला टेकवून बसलेला मुलगा दोन दिवसांत कंटाळतो.

डायव्हिंगमध्ये वयाचे नियम अधिक काटेकोर आहेत. ‘पॅडी’ या सर्वाधिक प्रचलित पद्धतीनुसार प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम वयाच्या १०व्या वर्षापासून करता येतो, पण १५ वर्षे पूर्ण होईपर्यंत ते ‘ज्युनियर’ प्रमाणपत्र असते. १०-११ वर्षांच्या मुलाने १२ मीटरपेक्षा खोल जायचे नाही आणि प्रमाणपत्रधारक पालक किंवा व्यावसायिक प्रशिक्षक सोबत असल्याशिवाय पाण्यात उतरायचे नाही. १२ ते १४ वर्षांच्या मुलांना प्रमाणपत्रधारक प्रौढ व्यक्तीसोबत १८ मीटरपर्यंत जाता येते. या मर्यादा मुलाच्या धीटपणावर ठरत नाहीत. ‘तुमचा मुलगा तयारीचा दिसतो, त्याला थोडे खाली नेऊ’ असे कोणी म्हणाले, तर त्या संस्थेचा विचार तिथेच सोडून द्यावा.

मुलाला पोहता येत नसेल तर?

डायव्हिंगच्या अभ्यासक्रमासाठी पोहता येणे आवश्यकच आहे. न थांबता २०० मीटर पोहणे (वेळेची अट नाही) आणि कोणत्याही आधाराशिवाय १० मिनिटे पाण्यावर तरंगणे, ही त्याची सर्वसाधारण चाचणी असते. सेलिंगमध्ये लाइफ जॅकेट सतत अंगावर असल्यामुळे काही संस्था पोहण्याचा आग्रह धरत नाहीत. तरीही पाण्यात तोंड बुडाले की घाबरणाऱ्या मुलाला होडी उलटण्याच्या भीतीपलीकडे काही शिकता येत नाही. म्हणून शिबिराचे पैसे भरण्यापूर्वी दोन-तीन महिने जवळच्या तरणतलावात घालवावेत. तलावात पोहणारे मूल समुद्रात पोहू शकेलच असे नाही, हेही लक्षात असू द्यावे.

आम्ही मालवणला स्कूबा केले होते. मग मुलाचे प्रशिक्षण झाले असे म्हणता येईल का?

नाही. मालवण, तारकर्ली किंवा गोव्याच्या ग्रँड बेटाजवळ पर्यटकांना जे स्कूबा मिळते ती ओळखीची डुबकी असते. प्रशिक्षक तुमच्या पाठीवरचा सिलिंडर धरून तुम्हाला खाली नेतो, हवेचे नियंत्रण तोच करतो, पंधरा-वीस मिनिटे मासे दाखवतो, व्हिडिओ काढतो आणि वर आणतो. त्यात गैर काहीच नाही, मुलाला आवड आहे की नाही हे कळण्यासाठी ती उत्तम आहे. पण तिच्या शेवटी मिळणारा रंगीत कागद हे डायव्हिंगचे प्रमाणपत्र नव्हे.

प्रत्यक्ष अभ्यासक्रमाचे तीन भाग असतात : सिद्धान्त, तरणतलावातील किंवा उथळ बंदिस्त पाण्यातील सराव, आणि खुल्या पाण्यातील चार डुबक्या. दुसरा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि घाईच्या शिबिरांत कात्री लागते ती त्यालाच. गुडघ्यावर बसून मुलाने मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरून घ्यायचे, वरची कड कपाळाला दाबायची आणि नाकाने श्वास सोडून ते पाणी बाहेर काढायचे. सांगायला हे सोपे आहे, पण नाकाशी पाणी आले की शरीर आपोआप वर उसळू पाहते. ती ऊर्मी शांत होईपर्यंत काही मुलांना अर्धा तास लागतो, काहींना दोन दिवस. हा वेळ देणारा प्रशिक्षक चांगला. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था तारकर्लीला आहे आणि तेथे खास प्रशिक्षणासाठी बांधलेला खोल तलाव आहे. खासगी संस्था पाहतानाही ‘तुमचा सराव कोठे होतो?’ हा प्रश्न पहिला असावा.

शिबिरासाठी कोणत्या तारखा निवडाव्यात?

येथे शाळेचे आणि समुद्राचे वेळापत्रक जुळत नाही. कोकणात डायव्हिंगचा उत्तम हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा असतो. मुलांना सुट्टी लागते तेव्हा तो उतरणीला लागलेला असतो. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात नैर्ऋत्येकडून फुगोटी (दूरवरून येणाऱ्या मोठ्या लाटा) येऊ लागते, पाणी गढूळ होते आणि किनाऱ्यावर होडी लावणे कठीण होते. मे अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत महाराष्ट्रात जलपर्यटन बंद ठेवण्याचे आदेश दरवर्षी निघतात. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. डुबकी संपली होती, दुर्घटना परतीच्या वाटेवर घडली. म्हणून एप्रिलचा मध्य ते १० मे हा काळ निवडावा. २० मेनंतरची तारीख स्वस्तात मिळत असेल, तर ती स्वस्त का आहे याचा विचार करावा.

आणखी एक गोष्ट, जी माहितीपत्रकात कधीच नसते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती-ओहोटीचा प्रवाह जोरात असतो, तळची माती वर येते आणि पाण्याखाली दिसत नाही. अष्टमीच्या आसपास भांग (सर्वांत कमी भरती-ओहोटी) असते, पाणी कमी हलते. डायव्हिंगचे दिवस अष्टमीच्या मागेपुढे येतील अशी तुकडी मिळाली, तर मुलाला बरेच अधिक दिसेल. भिंतीवरची दिनदर्शिका पाहून हे घरबसल्या ठरवता येते.

सेलिंग शिकण्यासाठी समुद्रकिनाऱ्यालाच जायला हवे का?

मुळीच नाही. नवशिक्यासाठी तलाव अनेकदा अधिक सोयीचा असतो : भरती-ओहोटी नाही, लाटा लहान, आणि भरकटलेली होडी फार तर दुसऱ्या काठाला लागते. हैदराबादचा हुसेनसागर आणि भोपाळचा मोठा तलाव ही देशातील सेलिंगची महत्त्वाची केंद्रे आहेत. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धांत मुलींच्या गटात रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर ही मध्य प्रदेशातील देवासची. ती घडली भोपाळच्या तलावात. सेलिंगमध्ये ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेली पहिली भारतीय महिला नेत्रा कुमानन हिची या खेळाशी ओळख चेन्नईतील उन्हाळी शिबिरातच झाली होती. किनारा बंद असतो त्या जून-जुलैत हुसेनसागरावर पावसाळी वाऱ्यांचा हंगाम ऐन भरात असतो, त्यामुळे मे महिना हुकलेल्या कुटुंबांनी त्याचा विचार करावा.

मुंबईत कुलाबा-अपोलो बंदर परिसरातील क्लब आणि खासगी संस्था बंदराच्या पाण्यात शिकवतात. तेथे मोठ्या जहाजांची आणि लाँचची वर्दळ असते. त्यामुळे मूल वाहतुकीचे नियम लवकर शिकते, पण सोबतीच्या बचाव बोटीशिवाय तेथे एक क्षणही सोडता कामा नये. गोव्यात दोनापावला व मांडवीच्या मुखाजवळचे पाणी मुलांसाठी तुलनेने मोकळे आहे.

पहिल्या आठवड्यात मूल नक्की काय शिकते?

पहिल्या दिवशी गाठी, होडीचे भाग आणि वाऱ्याची दिशा. दुसऱ्या दिवशी, किंवा काही ठिकाणी पहिल्याच संध्याकाळी, होडी मुद्दाम उलटवण्याचा सराव. पालकांना हा भाग किनाऱ्यावरून पाहवत नाही, पण तो पाहण्यासारखाच असतो. ऑप्टिमिस्ट आडवी होते, शीड पाण्यावर पसरते, मूल पाण्यात पडते. त्याने होडीला वळसा घालून तळाकडे यायचे, तळातून बाहेर आलेल्या फळीला दोन्ही हातांनी लोंबकळायचे आणि अंगाचा भार टाकायचा. शीड आधी पाण्याला चिकटून राहते, मग एकदम सुटते आणि होडी सरळ होते. त्यानंतर आत चढून, दोरीने बांधलेल्या डब्याने पाणी उपसत बसायचे. तिसऱ्या वेळेस बहुतेक मुले हसत असतात. हा सराव न घेता मुलांना एकट्याने होडी देणारी संस्था टाळावी.

आठवडाअखेरीस सामान्य मूल वाऱ्याला काटकोनात जाऊन परत येऊ शकते, वळण घेऊ शकते आणि वाऱ्याच्या उलट दिशेला नागमोडी जाण्याचा प्रयत्न करू शकते. त्यापुढचे कौशल्य यायला हंगाम लागतात.

संस्था आणि प्रशिक्षक कसे तपासावेत?

संस्थेचे नाव जुने आहे की नवे, यापेक्षा तुमच्या मुलासोबत पाण्यात कोण असेल हे महत्त्वाचे. डायव्हिंग प्रशिक्षकाचा क्रमांक विचारावा. पॅडी, एसएसआय यांसारख्या संस्थांच्या संकेतस्थळावर तो पडताळता येतो. नव्या प्रशिक्षणार्थींसाठी पॅडीची कमाल मर्यादा एका प्रशिक्षकामागे आठ जणांची आहे, पण लहान मुलांच्या गटासाठी ती चारवर येते, आणि त्या चारांत १०-११ वर्षांची दोनच मुले चालतात. कोकणातील गढूळ पाण्यात आम्ही चारपेक्षा अधिक मुलांचा गट कोणत्याच वयासाठी योग्य मानत नाही.

सेलिंगमध्ये यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया किंवा ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनची पात्रता असलेले प्रशिक्षक शोधावेत. एकट्याने चालवायच्या होड्यांसाठी एका प्रशिक्षकामागे सहा मुले, हे ब्रिटिश पद्धतीतील प्रमाण आहे. बचाव बोट इंजिन सुरू करून पाण्यातच हवी. ती वाळूवर ओढून ठेवलेली दिसली, तर तिचा उपयोग केवळ फोटोपुरता आहे. गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत जीवरक्षक व बोटचालक यांचे प्रशिक्षण होते. तेथील किंवा तत्सम प्रमाणपत्र बोटचालकाकडे आहे का, हेही विचारावे.

महाराष्ट्रात साहसी उपक्रम चालवणाऱ्यांना राज्याच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते आणि बोटींना सागरी मंडळाचा परवाना लागतो. गोव्यात बोटींची नोंदणी कॅप्टन ऑफ पोर्ट्स या खात्याकडे असते. ही कागदपत्रे मागितल्यावर चांगला संचालक रागावत नाही. त्याला हा प्रश्न अपेक्षितच असतो.

दमा, कानाचा त्रास, चष्मा किंवा मासिक पाळी असेल तर?

सेलिंगमध्ये यांपैकी बहुतेक गोष्टी अडसर ठरत नाहीत. डायव्हिंगचे तसे नाही. दाखल होण्यापूर्वी एक वैद्यकीय प्रश्नावली भरावी लागते आणि तिच्यातील काही प्रश्नांना ‘होय’ उत्तर आले, की डॉक्टरांची लेखी परवानगी लागते. दमा, फिट येणे, छातीची किंवा कानाची शस्त्रक्रिया, पडद्याला छिद्र, हृदयविकार या गोष्टी लपवू नयेत. शिबिर हुकू नये म्हणून पालकच सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळे होतात, असे प्रशिक्षक वारंवार सांगतात. दम्याच्या रुग्णाच्या फुप्फुसात हवा अडकली आणि ती वर येताना प्रसरण पावली, तर होणारी इजा प्राणघातक ठरू शकते.

सर्दी असताना डुबकी मारू नये, कारण कानातला दाब सारखा करता येत नाही. सर्दीचे औषध घेऊन उतरणे तर त्याहून वाईट, कारण औषधाचा प्रभाव पाण्याखाली ओसरला की वर येताना त्रास होतो. चष्म्याच्या नंबरचे मास्क मिळतात, आधी सांगावे. मासिक पाळीत डायव्हिंग करण्यास वैद्यकीय मनाई नाही. मुलीची इच्छा नसेल तर त्या दिवशी तिला कारण न विचारता सूट मिळाली पाहिजे.

बोट लागली तर गोळी द्यावी का?

अ‍ॅव्होमिनसारख्या गोळ्यांनी गुंगी येते, आणि गुंगीत पाण्याखाली जाणे योग्य नाही. कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारून, आणि प्रथम घरीच घेऊन पाहावी. हलका नाश्ता, आले, आणि क्षितिजाकडे पाहत बसणे यांनी बऱ्याच मुलांचे भागते.

परतीचा प्रवास लगेच केला तर चालेल का?

डायव्हिंग केले असेल तर नाही. एका डुबकीनंतर १२ तास आणि अनेक दिवस डुबक्या मारल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये, असा सर्वमान्य संकेत आहे. दाब कमी झाल्यावर शरीरात विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू शकतो. चिपी किंवा गोव्याच्या विमानतळावरून परतणारे पालक हे पाळतात. घाटाचा विचार मात्र फारसा कोणी करत नाही. आंबोली समुद्रसपाटीपासून जवळजवळ ७०० मीटरवर आहे, आणि विमान प्रवासाचा हा संकेत साधारण ६०० मीटरपासूनच्या उंचीला लागू मानतात. शेवटची डुबकी सकाळी आणि दुपारी मोटारीने आंबोलीमार्गे बेळगाव किंवा कोल्हापूर, हा बेत म्हणूनच चुकीचा आहे. उथळ ओळखीच्या डुबकीनंतर धोका कमी असतो, पण चार-पाच दिवसांच्या अभ्यासक्रमानंतर एक रात्र खालीच काढावी. कोकण रेल्वेने मुंबईला जाणाऱ्यांना हा प्रश्न येत नाही.

निवासी शिबिरात मुलींच्या सुरक्षिततेबाबत काय पाहावे?

मुक्कामी महिला पर्यवेक्षक रात्रीही हजर आहे का, मुलामुलींची निवासव्यवस्था आणि कपडे बदलण्याची जागा वेगळी व बंद होणारी आहे का, आणि कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी झाली आहे का, हे लेखी विचारावे. डायव्हिंगचे जॅकेट बांधताना प्रशिक्षकाला अंगाला हात लावावा लागतो. कोठे व का, हे तो आधी सांगतो की नाही, यावरून संस्थेची शिस्त कळते. मुलाला दररोज ठरलेल्या वेळी घरी फोन करता आला पाहिजे. मोबाईल दिवसभर काढून घेतला तर आमची हरकत नाही.

फी आणि विमा यांत काय काय येते?

फीमध्ये प्रमाणपत्राचे शुल्क, ऑनलाइन अभ्याससाहित्य, साधने आणि बोट धरलेली आहे का, हे विचारावे; सर्वाधिक वाद प्रमाणपत्राच्या शुल्कावरून होतात. घरच्या मेडिक्लेममध्ये साहसी खेळ अनेकदा वगळलेले असतात, त्यामुळे पॉलिसीतील अपवादांची यादी वाचावी. डायव्हिंगमधील दुखापतीवर दाबकक्षात उपचार करावे लागतात आणि अशी सोय मोजक्याच ठिकाणी आहे. मुंबईत ती नौदलाच्या ‘अश्विनी’ रुग्णालयात आहे. ‘अशी वेळ आली तर मुलाला कोठे आणि कसे नेणार?’ या प्रश्नावर संचालकाने फोन क्रमांकासह उत्तर द्यायला हवे.

आम्ही अमेरिकेत राहतो. तेथील मुलांनी कोणते शिबिर पाहावे?

कॅरिबियनमधील ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर मुले दोन-तीन आठवडे मोठ्या शिडाच्या बोटीवरच राहतात, ती चालवतात आणि मधल्या थांब्यांवर डायव्हिंग करतात. तेथे व्यापारी वारे स्थिर आहेत आणि बेटांमधले पाणी आडोशाचे, त्यामुळे दोन्ही विषय खरोखर एकत्र जमतात. १८६७ मध्ये बुडालेल्या ‘ऱ्होन’ या टपालजहाजाचे अवशेष तेथील प्रसिद्ध डायव्हिंग स्थळ आहे. चक्रीवादळांचा हंगाम १ जूनला सुरू होत असला तरी जोर ऑगस्टच्या मध्यापासून असतो, म्हणून जून-जुलैची तुकडी घ्यावी. मुलाकडे भारतीय पासपोर्ट असल्यास बेटांवरील प्रवेशाचे आणि अमेरिकेत परतण्याचे नियम पैसे भरण्यापूर्वी तपासावेत.

मुलाने ऐनवेळी नकार दिला किंवा समुद्र खवळला तर पैसे परत मिळतात का?

कोणत्याही क्षणी, कारण न देता डुबकी थांबवण्याचा अधिकार डायव्हरला असतो, हे चांगल्या अभ्यासक्रमात पहिल्याच दिवशी शिकवतात. ‘पैसे भरलेत, आता उतर’ असे पालकांनी किनाऱ्यावरून म्हणू नये. हवामानामुळे रद्द झालेल्या डुबक्यांबाबत बहुतेक संस्था पैसे परत न देता पुढील हंगामातील तारीख देतात. ती किती महिने वैध आहे आणि दुसऱ्या केंद्रावर उरलेल्या डुबक्या पूर्ण करण्यासाठी आधीच्या प्रशिक्षणाचे पत्र मिळेल का, हे पावतीवरच लिहून घ्यावे. पॅडीचे असे पत्र एका वर्षापर्यंत चालते, त्यामुळे मे महिन्यात अर्धवट राहिलेला अभ्यासक्रम दिवाळीच्या सुट्टीत, तुलनेने स्वच्छ पाण्यात पूर्ण करता येतो.